बुलेटला ‘सेल्फ’ बसवायचा तर...

समजा तुमचे घर परभणी जिल्ह्यातील मानवतला आहे. दिवाळी सरली आहे, बाजारपेठेत कापसाच्या गाड्यांची रीघ लागली आहे आणि तुमचे आजोबा शेताकडे निघाले आहेत. दारात त्यांची जुनी बुलेट उभी आहे. याच गाडीवरून ते एके काळी पाथरीला, सेलूला जात. पाहुणे येणार असले की मानवत रोड स्टेशनावर त्यांना आणायला जात. आता त्यांचा उजवा गुडघा दुखतो. किक मारायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून तुमचे वडील किक मारतात. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या वेळी किकच उलट फिरून त्यांच्या पोटरीवर आदळते!

“विकून टाकू या ही गाडी,” वडील वैतागून म्हणतात. आजोबा काहीच बोलत नाहीत. तेवढ्यात शेजारचा गॅरेजवाला येतो आणि म्हणतो, “अण्णा, विकता कशाला? सेल्फ बसवून घ्या की!”

सेल्फ म्हणजे बटण दाबताच इंजिन चालू करणारी विजेची मोटर. हल्लीच्या बहुतेक मोटारसायकलींना ती कारखान्यातूनच बसवलेली येते. मग जुन्या गाडीला एक मोटर आणि एक बटण जोडले की झाले, असे तुम्हाला वाटेल. पण तसे नाही बरे का! त्यासाठी इंजिन, दंतचक्रे, विद्युत्घट आणि तारा या सगळ्यांचा हिशेब जुळवावा लागतो. हा हिशेब शाळेत शिकलेल्या गणिताने आणि भौतिकीने करता येतो. चला, करून पाहू या.

किक मारताना काय होते?

बुलेट ही मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तिची जुळणी सुरू झाली आणि ती आपलीच होऊन गेली. तिच्या ३५० नावाच्या इंजिनात एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि आतील दट्ट्याची, म्हणजेच पिस्टनची, वरखाली होण्याची चाल ९० मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला चालीने गुणले की ३४६ घनसेंटिमीटर हे उत्तर येते. हेच ते ‘३५० सी.सी.’

हे इंजिन चार टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात दट्ट्या खाली जातो व पेट्रोल मिसळलेली हवा आत ओढली जाते. दुसऱ्यात तो वर येऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथ्यात जळालेला वायू बाहेर जातो. यांपैकी फक्त तिसरा टप्पा शक्ती देतो, बाकीचे तीन शक्ती खातात. इंजिन चालू असताना त्यांना लागणारी शक्ती क्रँकच्या दांड्यावरील जड गतिपालक चक्राकडून मिळते. पण इंजिन बंद असेल तर? मग पहिली ठिणगी पडेपर्यंतचे काम बाहेरून कोणीतरी करून द्यावे लागते. आजवर ते आजोबांचा पाय करीत होता.

यातला सर्वांत कठीण टप्पा दुसरा, दाबण्याचा. बुलेटच्या इंजिनात मिश्रण दाबून साधारण सातव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबले जाते. तेव्हा आतला दाब सुमारे ८ वातावरणांइतका चढतो असे धरा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ८ किलोग्रॅम वजनाचा भार. दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: ३०८ किलोग्रॅम! एवढ्याशा दट्ट्यावर तीन क्विंटल कापूस ठेवल्यासारखेच झाले की!

काम थोडे, घाई फार

तीन क्विंटल हा आकडा ऐकून घाबरू नका. दाब हा इतका शेवटी शेवटीच चढतो आणि चाल आहे केवळ ९ सेंटिमीटरची. सुरुवातीला दट्ट्यापुढे फारसा विरोध नसतो. सगळा हिशेब मांडला, थोडी गळतीही धरली, तर एकदा मिश्रण दाबायला सुमारे ६० जूल काम लागते. ६० जूल म्हणजे किती? सहा किलो ज्वारीची पिशवी जमिनीवरून उचलून एक मीटर उंचीच्या ओट्यावर ठेवायला जेवढे काम पडते तेवढेच. हे तर तुमची धाकटी बहीणही करील!

मग किक मारताना एवढा घाम का फुटतो? कारण पिशवी सावकाश उचलली तरी चालते, इंजिनाचे तसे नाही. दट्ट्या हळूहळू वर नेला तर दाबलेली हवा कड्यांच्या फटींतून निसटते, पेट्रोलचा फवारा नीट तयार होत नाही आणि गाडी चालू होत नाही. क्रँक मिनिटाला निदान २०० फेऱ्यांच्या वेगाने फिरला पाहिजे असे समजू. म्हणजे एक फेरी ०.३ सेकंदात आणि दट्ट्याची वर जाण्याची चाल अवघ्या ०.१५ सेकंदात. ६० जुलांना ०.१५ ने भागा. उत्तर येते ४०० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडे अधिक.

ऊर्जा आणि शक्ती यांत फरक काय, असा प्रश्न परीक्षेत येतो आणि आपण व्याख्या पाठ करून उत्तर लिहितो. खरा फरक इथे दिसतो. ऊर्जा लागते ती थोडीच. पण ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच द्यावी लागते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

बुलेटवाल्यांनी याला एक जुना तोडगा काढलेला होता. हँडलजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की सिलिंडरमधील थोडी हवा बाहेर सुटते. जाणकार माणूस ती कळ दाबून, विद्युत्प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत, दट्ट्या सर्वांत वरच्या जागेच्या किंचित पुढे आणून ठेवतो आणि मगच पूर्ण वजन टाकून किक मारतो. असे केल्याने पुढचा दाबाचा टप्पा येईपर्यंत गतिपालक चक्राला वेग मिळालेला असतो. ताकदीइतकेच कसब लागते ते इथे.

उलटी लाथ का बसते?

तुमच्या वडिलांच्या पोटरीवर किक आदळली ती का? ठिणगी नेहमी दट्ट्या पूर्ण वर पोचण्याच्या थोडी आधी पाडतात, कारण मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो. इंजिन वेगात असेल तर ठिणगी अधिक आधी पडावी लागते, सावकाश असेल तर जवळजवळ शेवटी. हा बदल वेगानुसार आपोआप करणारी लहानशी वजने व स्प्रिंगा या गाडीत असतात. त्या गंजल्या, अडकल्या किंवा मुळातच जुळणी चुकली, तर सावकाश फिरणाऱ्या इंजिनात ठिणगी फार लवकर पडते. दट्ट्या अजून वर चढतोच आहे आणि तेवढ्यात स्फोट होतो! दट्ट्या आल्या वाटेने मागे फिरतो, क्रँक उलटा फिरतो आणि किक पायावर आदळते.

ही गोष्ट सेल्फ बसवणाऱ्याने पक्की लक्षात ठेवली पाहिजे. पायाला ठेच लागली तर पाय बरा होतो. पण मोटर आणि दंतचक्रे जोडल्यावर असाच उलटा धक्का बसला तर दात मोडतात. म्हणून चांगला कारागीर सेल्फचे खोके उघडण्यापूर्वी ठिणगीची वेळ तपासतो. ठिणगी पाडणाऱ्या ‘पॉइंटां’मधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी, म्हणजे चारपाच कागद एकावर एक ठेवल्याइतकी. ती नीट करून, प्लग साफ करून आणि कार्ब्युरेटर धुऊन पाहिला, की सहा किकांत चालू होणारी गाडी पुष्कळदा एका किकेत चालू होते. आजारी इंजिनाला सेल्फ हे औषध नव्हे!

केटरिंगची युक्ती

मोटारगाड्यांना सुरुवातीला लोखंडी हँडल घालून हाताने फिरवावे लागे. उलट्या धक्क्याने कित्येकांचे हात मोडत. विजेची मोटर लावून पाहण्याचे प्रयत्न झाले होते. पण हिशेब केला की मोटर आणि घट इतके मोठे येत की ते गाडीत मावणेच कठीण. हा पेच अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने सोडवला. तो पूर्वी डेटन शहरात दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला त्याने विजेची छोटी मोटर वापरली होती. ती मोटर दिवसभर चालत नसे. क्षणभर जोर लावी आणि थांबे. इंजिन चालू करण्याचे काम तरी दुसरे काय आहे? मोटर सतत चालणार असेल तर ती मोठीच हवी, नाहीतर तापून जळेल. पण चारदोन सेकंदच चालणार असेल, तर लहान मोटरीवर तिच्या कुवतीपेक्षा पुष्कळ अधिक भार टाकता येतो. तापायला तिला वेळच मिळत नाही! १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत केटरिंगचा सेल्फ बसला आणि हँडल मारण्याचे दिवस सरू लागले.

याच कारणाने सेल्फचे बटण पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये आणि पुन्हा दाबण्यापूर्वी मोटरीला थोडी विश्रांती द्यावी. नियम साधा आहे, त्यामागचे कारण मात्र आता तुम्हाला समजले.

मोटर, दंतचक्रे आणि एकतर्फी पकड

लहान मोटर वेगाने फिरते, पण तिचा फिरवण्याचा जोर कमी असतो. या जोराला यंत्रशास्त्रात परिबल म्हणतात. ४०० वॅटची मोटर मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल तर तिचे परिबल जेमतेम १ न्यूटन-मीटर येते. इंजिनाचा क्रँक मात्र दाबाच्या टप्प्यात ५० न्यूटन-मीटरपर्यंत अडून बसतो. मग वेग देऊन जोर विकत घ्यायचा. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले की फेऱ्या कमी होतात आणि परिबल त्याच पटीत वाढते. ४००० फेऱ्यांच्या २०० करायच्या, म्हणजे २० पट. तेव्हा क्रँकवर सुमारे २० न्यूटन-मीटर पोचतात.

“पण लागतात तर ५०!” असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. इथे या मोटरीचा एक गुण उपयोगी पडतो. भार वाढून तिचा वेग मंदावला की ती अधिक विद्युत्प्रवाह ओढते आणि तिचे परिबल वाढते. अडणाऱ्या गाड्याला बैल जसा खांदा अधिक नेटाने लावतो तसेच. शिवाय गतिपालक चक्राचा थोडा वेगही मदतीला असतो. एवढ्यात दाबाचा कठीण क्षण पार पडतो.

आता खरी अडचण. इंजिन चालू झाले. मोटर अजून दंतचक्रांनी क्रँकला जोडलेलीच आहे. आजोबांनी गाडी रस्त्याला लावली, इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेऊ लागले. मोटर किती घेईल? वीसपट, म्हणजे ८०,००० फेऱ्या! आतल्या तारांची गुंडाळी क्षणात उडून चिंध्या होतील. म्हणून मध्ये एकतर्फी पकड बसवावी लागते. मोटर पुढे असेल तर ती पकडते. इंजिन मोटरीच्या पुढे गेले की आपोआप सुटते.

हे यंत्र तुम्ही रोज वापरता. सायकलचे पायडल मारले की मागचे चाक फिरते. पायडल थांबवले तरी चाक फिरतच राहते आणि ‘टिकटिक’ ऐकू येते. सायकलच्या फ्रीव्हीलचेच हे काम! मोटारसायकलीत खटक्यांऐवजी तिरप्या खाचांत बसवलेले पोलादी रूळ किंवा अडणी असतात, एवढाच फरक. उलट्या धक्क्याचा सगळा मार याच रुळांवर बसतो. म्हणून काही रचनांत आणखी एक घसरणारी पकड घालतात. धक्का मर्यादेबाहेर गेला की ती घसरते आणि दात वाचतात.

सहा की बारा?

आता विजेकडे वळू. मोटरीला जेवढी वीज द्यावी त्यातली सुमारे निम्मी उष्णतेत आणि घर्षणात जाते. म्हणजे ४०० वॅट काम हवे तर ८०० वॅट वीज द्यायला हवी. एकदम दहा छतपंखे चालवल्यासारखे हे झाले. घट १२ व्होल्टचा असला तरी भाराखाली त्याचा दाब १० व्होल्टपर्यंत उतरतो असे धरा. ८०० भागिले १०, म्हणजे ८० अँपिअर. गाडीच्या पुढच्या दिव्याला सुमारे ३ अँपिअर लागतात. तुलना तुम्हीच करा.

कित्येक जुन्या बुलेटची विद्युत्व्यवस्था ६ व्होल्टची असते. तिच्यावर हीच मोटर चालवायची तर प्रवाह दुप्पट, म्हणजे सुमारे १६० अँपिअर होईल. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट! म्हणून पहिले मोठे काम म्हणजे गाडी १२ व्होल्टवर आणणे. यात केवळ घट बदलून भागत नाही. दिवे, हॉर्न, ठिणगीची कॉइल, वीज निर्माण करणारे यंत्र आणि तिचा दाब काबूत ठेवणारे साधन हे सगळे १२ व्होल्टचे लागते. सेल्फच्या खर्चात लोक हा खर्च धरायला विसरतात.

आता एक गंमत पाहा. बटण ३ सेकंद दाबले. ८० गुणिले ३, म्हणजे २४० अँपिअर-सेकंद वीज खर्च झाली. अशा गाड्यांना १४ अँपिअर-तासांचा घट बसवतात. त्यात ५०,४०० अँपिअर-सेकंद असतात. म्हणजे घटाचा दोनशेवा हिस्साही पुरता खर्च झाला नाही! चालत्या इंजिनाने दिव्याचा खर्च भागवून २ अँपिअर घटात परत भरले, तर ही तूट दोनतीन मिनिटांत भरून निघते. पुन्हा तेच सूत्र: एकूण वीज थोडीच, पण घाई फार.

या घाईमुळेच जुना घट फसवतो. प्रत्येक घटाला स्वतःचा आतला रोध असतो. चांगल्या घटात तो ०.०२ ओहम असेल तर ८० अँपिअरला १.६ व्होल्टच आत खर्च होतात. घट जुना होऊन रोध ०.१ ओहम झाला, तर ८ व्होल्ट आतच जातील! मग मोटरीला उरले काय? पण ३ अँपिअरच्या दिव्यासाठी त्याच घटात फक्त ०.३ व्होल्ट जातात. म्हणून दिवा लखलखीत लागतो, हॉर्न वाजतो आणि सेल्फ मात्र ‘टक्’ करून गप्प बसतो. लोक म्हणतात, “बॅटरी तर चांगली आहे!” तुम्ही आता त्यांना खरे कारण सांगू शकाल. आपल्या मराठवाड्यातील उन्हाळा घटाचे आयुष्य कमी करतो. पाणी घालायचा घट असेल तर त्या दिवसांत पाण्याची पातळी वरचेवर पाहावी आणि शुद्ध केलेले ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

तारेची जाडी

गाडीतील दिव्याची तार साधारण १ चौरस मिलिमीटर छेदाची असते. तिच्या १ मीटर लांबीचा रोध सुमारे ०.०१७ ओहम. तिच्यातून ८० अँपिअर नेले तर दर मीटरला ११० वॅट उष्णता निघेल. वरचे आवरण वितळून धूर निघायला वेळ लागणार नाही! त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटर छेदाची जाड केबल घेतली तर हीच उष्णता दर मीटरला ७ वॅटच्या आसपास येते. केबल जितकी आखूड तितके चांगले. आणि घटाचे दुसरे टोक सांगाड्याला जिथे जोडतात तिथला रंग व गंज खरवडून काढावा लागतो, नाहीतर तिथेच रोध तयार होतो.

मग हँडलवरच्या इवल्याशा बटणातून ८० अँपिअर कसे जातात? ते जातच नाहीत! बटणातून चारदोन अँपिअर जातात, ते एका विद्युत्चुंबकाच्या गुंडाळीत. चुंबक तांब्याची जाड पट्टी ओढतो आणि मोठा प्रवाह त्या पट्टीतून जातो. याला रिले म्हणतात. तसेच, बुलेटच्या दिव्याजवळचा विद्युत्प्रवाहमापक थोड्याच अँपिअरसाठी केलेला असतो. सेल्फची केबल त्याच्यातून नेली तर तो जळालाच म्हणून समजा. ती थेट घटाकडून रिलेकडे आणि रिलेकडून मोटरीकडे न्यावी.

दोन गाड्यांचा धडा

मोटारसायकलीला सेल्फ बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९१४ साली अमेरिकेतील ‘इंडियन’ या कंपनीने केला. गाडीचे नाव हेंडी स्पेशल. मोटर होती, ६ व्होल्टचे दोन घटही होते. पण त्या काळचे घट या धकाधकीत टिकेनात आणि पुरेसे भारले जाईनात. ते मॉडेल लवकरच बंद करावे लागले.

दुसरी गोष्ट १९७५ची, आणि आजोबांच्या गाडीशी अधिक मिळतीजुळती. इंग्लंडच्या नॉर्टन कमांडो या ८२९ सी.सी.च्या जुन्या धाटणीच्या गाडीला कारखान्यानेच सेल्फ जोडला. मूळ इंजिन किकेसाठी आखलेले आणि मोटर त्या मानाने अशक्त. थंडीत ती इंजिन पुरते फिरवू शकत नसे. लोक थट्टेने म्हणत की हा सेल्फ नव्हे, किक मारणाऱ्याचा मदतनीस! पुढे अनेक मालकांनी अधिक जोमदार मोटर व जाड केबली बसवल्या, तेव्हा कुठे ते काम मार्गी लागले. एक कडी कच्ची राहिली की सगळी साखळी वाया, हाच दोन्हींचा धडा.

आपल्याकडे १९८४ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाबरोबर काढलेल्या स्कूटरने बटणाची सवय घरोघर पोचवली. ज्यांना किक मारणे जड जाई अशा कितीतरी स्त्रिया आणि वृद्ध माणसे त्यामुळे निर्धास्तपणे गाडी वापरू लागली. बुलेटला कारखान्यातून सेल्फ मिळायला मात्र २००० नंतरचे दशक उजाडावे लागले.

कामाचा क्रम

तर आजोबांच्या गाडीचे काम कोणत्या क्रमाने करावे? आधी इंजिन व ठिणगीची वेळ नीट करणे. मग १२ व्होल्टची व्यवस्था आणि घटाला घट्ट बसणारी पेटी. मग मोटर, दंतचक्रे आणि एकतर्फी पकड. ही त्याच मॉडेलच्या मापाची हवीत. कारण दंतचक्रांची केंद्रे अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी दात कर्कश आवाज करीत झिजतात. मग रिले आणि जाड केबली. शेवटी एक सुरक्षेची कळ: गाडी गिअरमध्ये असताना बटण दाबले गेले तर ती पुढे उडी घेईल, म्हणून क्लच दाबल्याशिवाय किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय मोटर फिरू नये अशी जोडणी करावी.

किक मात्र काढून टाकू नये. घट कधीतरी दगा देणारच. मूळचे भाग कापू नयेत, काढलेले सुटे भाग कापडात गुंडाळून जपून ठेवावेत; उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली तर ते लागतील. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने करता येत नाहीत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

आणि एक सूचना तुमच्यासाठी. गाडीच्या घटाच्या दोन टोकांना कधीही पाना किंवा तार टेकवू नका. क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, पाना लालभडक होतो, आणि घटातून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. घट काढताना सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडवतात. बहुतेक गाड्यांत ते ऋण टोक असते, काही जुन्या इंग्रजी गाड्यांत मात्र धन टोक. हे काम मोठ्यांनीच करावे. तुम्ही बाजूला उभे राहून पाहावे.

करून पाहा

तुम्हाला करता येण्याजोगा एक बिनधोक प्रयोग सांगतो. खेळण्यातली एक लहान मोटर, बॅटरीचा छोटा दिवा आणि दोन सेल घ्या. सेल, दिवा आणि मोटर एकामागे एक, म्हणजे एकसरीत जोडा. मोटर मोकळी फिरत असताना दिवा मंद दिसेल. आता मोटरीचा दांडा दोन बोटांनी हळूच धरा. दिवा एकदम उजळेल! मोटर अडली की ती अधिक प्रवाह ओढते, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. फार वेळ धरून ठेवू नका मात्र, मोटर तापेल.

दुसरे म्हणजे सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करा आणि दांडा एकदा सावकाश, एकदा झटकन दाबा. सावकाश दाबताना हवा निसटते, झटकन दाबताना अंगठा उडू पाहतो. किक जोराने का मारावी लागते, हे तुमचा अंगठाच तुम्हाला सांगेल.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. गाडी विकायची की सेल्फ बसवायचा? ते तुमच्या घरी ठरेल. पण आता त्या बैठकीत तुम्हालाही बोलता येईल. गॅरेजवाल्याला विचारा: “काका, ठिणगीची वेळ पाहिलीत का? मोटर किती वॅटची? केबल किती जाड? उलटा धक्का बसला तर पकड टिकेल ना?” या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्याच्या हाती गाडी द्यायला हरकत नाही. मग एखाद्या सकाळी आजोबा बटण दाबतील, इंजिन धडधडू लागेल आणि दिव्याजवळचा काटा हळूच भरणीच्या बाजूला झुकेल. तो का झुकला, हे आजोबांना तुम्ही समजावून सांगा.